गदा-ढालीचे सात महिने: व्हर्मिंटाइड २ मध्ये ढाल नेमकी कशी वापरायची

सात महिन्यांपूर्वी व्हर्मिंटाइड २ या गेममध्ये मी माझ्या पात्राच्या, क्रुबरच्या, हातात गदा आणि ढाल दिली. कारण साधं होतं. आमच्या चौघांत सगळ्यात आधी मी पडायचे आणि मग मला उचलायला आलेलं माणूसही पडायचं. ढाल घेतली की निदान मी तरी उभी राहीन, असं वाटलं. पहिले तीन आठवडे फारसा फरक पडला नाही, कारण मी ढालीच्या मागे लपत होते. आज लेजंड या अवघड पातळीवर आमची बहुतेक मिशन्स पार पडतात, आणि त्यात या ढालीचा वाटा मोठा आहे. मधल्या काळात काय बदललं, ते सविस्तर लिहावंसं वाटलं.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फॅटशार्क या स्वीडिश स्टुडिओचा हा गेम ८ मार्च २०१८ रोजी पीसीवर आला. चार जण एकत्र, वॉरहॅमरच्या जगात, समोर स्केव्हन म्हणजे माणसाएवढ्या उंदरांचे आणि केऑसच्या सैनिकांचे लोंढे. बंदुका-धनुष्यं आहेत, पण गोळ्या मोजक्याच मिळतात. खरी लढाई हातघाईची. आमचा गट ठरलेला आहे. मावसभाऊ, म्हणजे दादा, साल्त्सपायर घेतो, वहिनी आगीची जादूगार सिएना, हॉस्टेलमधली माझी मैत्रीण बंगळुरूहून केरिलियन, आणि मी क्रुबर. शुक्रवार-शनिवार रात्री जेवणं आटोपली की बसतो.

आता मुद्द्याचं. माउसचं उजवं बटण दाबून धरलं की ब्लॉक होतो. स्क्रीनच्या मधोमध छोट्या ढालींची चिन्हं दिसतात, तो तुमचा स्टॅमिना. अडवलेला प्रत्येक वार त्यातलं काहीतरी घेऊन जातो. सगळी चिन्हं संपली की ब्लॉक तुटतो, क्रुबर क्षणभर लटपटतो, आणि लेजंडवर तो एक क्षण पुरतो. गदा-ढालीला स्टॅमिना भरपूर आहे आणि ब्लॉकचा कोनही रुंद आहे. त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं, धरून ठेवू, वेळ मारून नेऊ. पण पंधरा-वीस उंदीर एकदम अंगावर आले की धरून ठेवलेली ढाल पाहता पाहता रिकामी होते, आणि वार येत राहिले तर ती भरायला सवडच मिळत नाही. कोनाच्या बाहेरून, म्हणजे बाजूने किंवा पाठीमागून आलेला वारही अडतो, पण तो स्टॅमिना जास्त खातो. मी नेमकी याच कारणाने पडत होते. माझ्या तीन बाजूंना उंदीर आणि मी ढाल धरून उभी.

ब्लॉक धरलेला असताना डावं बटण दाबलं की धक्का बसतो. ढालीचं सगळं बळ या धक्क्यात आहे. समोरचे पाच-सहा जण एकदम मागे फेकले जातात, त्यांचे उगारलेले वार तिथेच मोडतात, आणि तुम्हाला सेकंदभर मोकळं मैदान मिळतं. डावं बटण दाबूनच ठेवलं तर धक्क्यापाठोपाठ वारही होतो. धक्क्यालाही स्टॅमिना लागतो, म्हणून उगाच ढकलत सुटायचं नाही. पण चार वार अडवून स्टॅमिना घालवण्यापेक्षा ते चार वार येण्याआधीच एका धक्क्यात मोडणं कधीही स्वस्त पडतं. हे हिशोबाने समजायला एक दिवस पुरला, बोटांना समजायला महिना लागला.

तो महिना संपतानाची एक रात्र नीट आठवते. रायचस स्टँड हे मिशन, शेवटचं मंदिर, चहूकडून लोंढे. वहिनी खांबाजवळ पडली. दादा पलीकडच्या टोकाला एका स्टॉर्मव्हर्मिनशी, म्हणजे चिलखतवाल्या मोठ्या उंदराशी, भिडलेला. मी वहिनीपाशी पोचले तेव्हा माझ्या मागे आठ-दहा उंदीर होते. आधीची मी असते तर सरळ वाकून उचलायला लागले असते. त्या दिवशी पाठ खांबाकडे केली, वळून एक धक्का दिला, सगळे मागे गेले. मग ब्लॉक धरला आणि तो न सोडता उचलायचं बटण दाबलं. हे फार कमी जणांना माहीत असतं: आधी ब्लॉक धरून मग उचलायला घेतलं तर उचलताना ब्लॉक कायम राहतो. दोन उंदीर परत आले, त्यांचे वार ढालीवर टणाटण वाजले, स्टॅमिनाची चिन्हं एकेक करून विझत गेली. शेवटचं चिन्ह उरलेलं असताना वहिनी उभी राहिली. ती उठल्या उठल्या पुन्हा धक्का. "अगं, मागे हो, मी आहे," एवढंच बोलले. तिने मागे सरकून समोरच्या सगळ्यांवर आग सोडली. ढाल कशी वापरायची ते मला त्या मिनिटभरात कळलं.

त्यानंतर माझं लक्ष मारण्यावरून शत्रूला डगमगवण्यावर आलं. ऑगस्ट २०१९ मध्ये विंड्स ऑफ मॅजिक हा गेमचा विस्तार आला, तेव्हापासून डगमगलेल्या शत्रूला जास्त इजा होते. म्हणजे मी ढालीने ज्याला धडक दिली, त्याला पुढच्या सेकंदात दादाची तलवार जास्त लागते. त्यावर बुलवर्क हे टॅलेंट घेतलं की मी डगमगवलेल्या शत्रूला दोन सेकंद सगळ्यांचेच हातघाईचे वार १० टक्के जास्त लागतात. गदा-ढालीचा पहिला जड वार म्हणजे ढालीची धडक. ती रुंद आहे आणि समोरची रांगच्या रांग मागे हटवते. ती दिली की लगेच ब्लॉकचं बटण टिचकीसारखं दाबायचं, म्हणजे क्रम तिथेच मोडतो आणि पुढचा जड वार पुन्हा ढालीचाच येतो. धडक, टिचकी, धडक, टिचकी. लय बसली की दारात एकटीने लोंढा थोपवता येतो. मी क्रुबरचा फूट नाइट हा प्रकार खेळते. त्याला शत्रू डगमगवल्यावर तात्पुरतं आरोग्य देणारं टॅलेंट आहे, ते या लयीला फार शोभतं. प्रत्येक धडकेला पट्टी थोडी थोडी भरते.

कुठे उभं राहायचं, हे मला कबड्डीतून सुचलं. शाळेत मी कोपरा खेळायचे. चढाईपटूच्या अंगावर धावून गेलं की साखळी तुटते, हे सर तेव्हा ओरडून ओरडून सांगायचे. इथेही तसंच. ढालवाल्याने पुढे धावत सुटायचं नाही, कारण मग मागचे तिघे उघडे पडतात आणि उंदीर वळसा घालून त्यांच्यापर्यंत पोचतात. खूप मागेही राहायचं नाही. दादाच्या अर्धा पाऊल पुढे, थोडी डावीकडे, वहिनीला आग सोडायला उजवी बाजू मोकळी ठेवून मी उभी राहते. ही जागा आम्ही बोलून ठरवली आहे. चॅम्पियन या पातळीपासून पुढे आपल्याच माणसाच्या गोळ्या-बाण आपल्याला लागतात, म्हणून ढालवाल्याने मागच्यांच्या नेमाच्या आड नाचत राहणं हा मोठा दोष आहे. आधी मैत्रिणीचे बाण माझ्याच पाठीत बसायचे. आता मी डावीकडची जागा सोडत नाही आणि ती उजवीकडूनच मारते.

रॅटलिंग गनर, म्हणजे सुसाट गोळ्या झाडणारा उंदीर, आला की आमच्याकडे ठरलेली आरोळी आहे, "ढाल!" त्याच्या गोळ्या साध्या तलवारीने अडत नाहीत, ढालीने अडतात. तो नेम धरायला लागला की मी त्याच्याकडे तोंड करून ब्लॉक धरते, बाकीचे आडोशाला जातात, आणि मैत्रीण निवांत नेम धरून त्याला उडवते. फक्त त्या वेळी पाठीमागून कोणी येत नाही ना, हे दादाने बघायचं असतं.

ढाल कुठे उपयोगी पडत नाही, हेही माहीत हवं. विषाचे गोळे फेकणाऱ्या ग्लोबेडियरचा धूर ढालीतून सरळ आत येतो. पॅकमास्टरचा आकडा आणि केऑस स्पॉनची पकड यांना चुकवावंच लागतं. केऑस वॉरियरला साध्या धक्क्याने काहीच होत नाही, तो आपला चालत येतो. त्याचा डोक्यावरून येणारा वार अडवण्यापेक्षा बाजूला सरकावं. मुळात ढाल घेतली की डॉज, म्हणजे बाजूला सरकणं, आखूड होतं, म्हणून थोडं आधीच सरकायची सवय लावावी लागते. प्लेग मंक एकामागून एक इतके भराभर वार करतो की स्टॅमिना धुऊन निघतो. तो दिसला की मी दादाला हाक मारते. मोठ्या चिलखतवाल्यांसाठी माझ्याकडे फूट नाइटची धाव आहे, ती केऑस वॉरियरलाही हलवते. ती मी लोंढ्यावर खर्च करत नाही, अशा वेळेसाठीच राखून ठेवते.

शस्त्रावरच्या गुणांत मी बरेच प्रयोग केले. शस्त्र आणि नेकलेस दोन्हीवर ब्लॉकचा खर्च ३० टक्क्यांपर्यंत कमी करता येतो. सुरुवातीला मी दोन्हीकडे तेच घेतलं होतं. आता शस्त्रावर नाही, फक्त नेकलेसवर ठेवलं आहे, कारण ब्लॉक कमी आणि धक्के जास्त झाले तसा त्याचा उपयोगही कमी झाला. पॅरी हा गुण ऐकायला सगळ्यात छान वाटतो, वेळेवर धरलेल्या ब्लॉकला स्टॅमिना लागतच नाही. पण लोंढ्यात दहा जणांचे वार दहा वेळी येतात, तिथे वेळ साधणं मला जमत नाही. ऑपॉर्च्युनिस्ट मला जास्त आवडला. वार करायला निघालेल्याला ढकललं की धक्का अधिक जोराने बसतो, आणि माझे बहुतेक धक्के तेव्हाच असतात.

एक गोष्ट गेमच्या बाहेरची, पण सात महिन्यांत तिने बराच त्रास दिला. गेम चौघांपैकी एकाच्या, म्हणजे होस्टच्या, मशीनवर चालतो, बाकीचे त्याला जोडलेले असतात. पावसाळ्यात माझं इंटरनेट रात्री दहानंतर डगमगायचं, आणि तेव्हा मी ढाल धरलेली असूनही वार आरपार लागायचा. मला वाटायचं माझीच वेळ चुकते आहे. एकदा दादाकडे बसून, त्याच्याच मशीनवर, त्यालाच होस्ट करून खेळले, तेव्हा फरक लख्ख कळला. आता ज्याचं कनेक्शन सगळ्यात स्थिर असेल तोच होस्ट करतो. शक्य असेल तर ढालवाल्यालाच होस्ट करू द्यावं, असं माझं ठाम मत आहे. बाण क्षणभर उशिरा लागला तरी चालतो, ब्लॉक उशिरा लागला तर माणूस पडतो. दुसरं म्हणजे माउस. सतत दाबून दाबून चौथ्या महिन्यात माझ्या माउसचं उजवं बटण मध्येच सुटायला लागलं आणि ब्लॉक आपोआप उघडायचा. ब्लॉक अंगठ्याखालच्या बाजूच्या बटणावर घेतला, तेव्हापासून हातही दुखत नाही.

मिशन संपल्यावर येणाऱ्या तक्त्यात ढालवाल्याचं नाव मारलेल्यांच्या रांगेत खाली असतं. मला त्याचं पहिल्यांदा वाईट वाटायचं. मग मी दुसरीच रांग बघायला लागले, खाल्लेल्या इजेची. माझी नाही, बाकीच्या तिघांची. वहिनीचा तिथला आकडा महिन्यागणिक उतरत गेला. बघताना खूप बरं वाटतं. मात्र ज्यांना स्वतःच्या हाताने शत्रू कापत जाण्यातच मजा वाटते, त्यांनी ही गदा-ढाल घेऊ नये. वार मंद आहेत, एकट्या तगड्या शत्रूला पाडायला वेळ लागतो, आणि गटातले बाकीचे मारणारे नसतील तर तुम्ही नुसते ढकलत राहता. अनोळखी लोकांबरोबर खेळताना मी अजूनही पुष्कळदा ढाल ठेवून देते. ते धावत पुढे निघून जातात आणि थोपवायला मागे कोणी उरतच नाही.

इतर ढालीही थोड्या थोड्या वापरून पाहिल्या. केरिलियनची भाला-ढाल हलकी आणि चपळ आहे, ज्यांना क्रुबर जड वाटतो त्यांनी तिथून सुरू करावं. बार्डिन या बुटक्याची हातोडा-ढाल त्याच्या आयर्नब्रेकर या प्रकाराच्या हातात अगदी वेगळीच होते. त्याची खास शक्ती वापरली की आजूबाजूचे सगळे शत्रू त्याच्याकडेच वळतात आणि काही सेकंद त्याला कुठलाही वार अडवता येतो.

गेल्या महिन्यापासून वहिनी तोच बार्डिन शिकते आहे. तिचीही सुरुवात माझ्यासारखीच झाली, ढाल धरून जागच्या जागी उभी. गेममधल्या किल्ल्यातल्या सरावाच्या पुतळ्यांवर धडकेची लय बसते, पण पुतळे वार करत नाहीत, म्हणून धक्क्याची वेळ तिथे शिकता येत नाही. त्यासाठी आम्ही दोघी रिक्रूट या सगळ्यात सोप्या पातळीवर एखादं मिशन लावतो आणि ठरवतो की पहिली दहा मिनिटं हातोडा उचलायचाच नाही. फक्त बघायचं, उंदराचा हात वर गेला की ढकलायचं, पुन्हा बघायचं. काल तिने एका दारात सलग तीन लोंढे असे परतवले आणि तिची एकदाही ढाल तुटली नाही. मी मागे उभी राहून तिच्या डावीकडून येणारे तेवढे बघत होते.