साउंडट्रॅक अल्बम: काय घ्यावं, कशावर घ्यावं आणि पावसाळ्यात कसं राखावं

साउंडट्रॅक म्हणून विकल्या जाणाऱ्या अल्बममध्ये सिनेमाचं संगीत असतंच असं नाही. आपल्याकडे तर बहुतेक वेळा गाणीच असतात. ‘सैराट’ सगळ्यांच्या कानावरचा आहे. त्यासाठी अजय-अतुलने हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण केलं. भारतीय सिनेमासाठी तिथे असं काम त्याआधी झालं नव्हतं. २०१६ सालच्या त्या अल्बममध्ये चार गाणी आहेत. चारही गाण्यांत वाद्यवृंद कसा बांधला आहे ते चांगल्या हेडफोनवर ऐकावं. कडव्यांमधल्या जागा भरायला तो आणलेला नाही, चालीला उचलून धरायला आणला आहे. पण प्रसंगांच्या मागे जे वाजलं ते या चार गाण्यांत शोधू नये. गाण्यांचा अल्बम म्हणून पैकीच्या पैकी, सिनेमाच्या संगीताचा अल्बम म्हणून अर्धा.

पुढच्या सगळ्या शिफारशींना आम्ही हीच कसोटी लावली आहे. पडद्यावर जे वाजलं त्यातलं किती आणि कोणत्या रूपात हाती लागतं? रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत ऐकणाऱ्यांसाठी दुसराही प्रश्न आहे: ते कशावर घ्यावं? पुण्यातल्या कोरड्या खोलीत चालणारा सल्ला समुद्रापासून अर्ध्या मैलावरच्या चिरेबंदी घरात चालत नाही.

जुन्या हिंदी सिनेमाचं पार्श्वसंगीत हवं असेल तर संवादांच्या रेकॉर्ड शोधाव्यात. ‘शोले’च्या संवादांची एलपी, म्हणजे मोठी तबकडी, पॉलिडोर कंपनीने काढली होती. लोक ती गब्बरसाठी घेतात, पण संवादांच्या मागे राहुल देव बर्मन यांनी जे केलं आहे ते गाण्यांच्या एलपीत मिळत नाही. जुन्या बाजारात ती घेताना कव्हरवर भुलू नये. तबकडी उजेडात तिरपी धरून पाहावी. बारीक रेघा चालतात. नखाला लागणारी रेघ असेल तर सुई तिथे उडणार. ही रेकॉर्ड घरोघरी पुन:पुन्हा लावली गेलेली असते, त्यामुळे खोबणी झिजलेली असण्याचा संभव जास्त. खोबणी झिजली की ‘स’ आणि ‘श’ चरचरतात. ते धुऊन जात नाही. चार मिनिटं ऐकून मगच पैसे द्यावेत.

बाहेरच्या सिनेमांत पार्श्वसंगीताचा अल्बम निघतो, पण तिथेही कात्री असते. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’च्या दोन तबकड्यांच्या संचात जॉन विल्यम्स यांनी प्रसंगांचा क्रम मोडून ऐकायला सुखद असा क्रम लावला. सिनेमाच्या क्रमाने पूर्ण संगीत १९९७ साली दोन सीडींच्या आवृत्तीत आलं. काही रसिक पूर्ण आवृत्तीच खरी मानतात. आम्हाला ते पटत नाही. पूर्ण आवृत्तीत दहा-वीस सेकंदांचे तुकडे येतात, जे कॅमेरा वळला म्हणून वाजले आणि थांबले; नुसतं ऐकताना ते अडखळतात. पहिल्यांदा घेणाऱ्याने जुना क्रम घ्यावा, सिनेमा तोंडपाठ असणाऱ्याने पूर्ण.

‘ब्लेड रनर’चं प्रकरण घेताना नीट समजून घ्यावं, कारण यात चुकीची वस्तू पदरात पडते. सिनेमा १९८२चा. त्या वर्षी ‘न्यू अमेरिकन ऑर्केस्ट्रा’ नावाने जो अल्बम निघाला तो वाद्यवृंदाने पुन्हा वाजवलेला आहे, त्यात सिनेमाचा संगीतकार व्हँगेलिस याचा सिंथेसायझर नाही. व्हँगेलिसचा स्वतःचा अल्बम थेट १९९४ साली आला. त्यात काही ठिकाणी सिनेमातले संवाद मिसळले आहेत. कुणाला ते आवडतात, कुणाला धुनेच्या आड येतात. २००७च्या तीन सीडींच्या संचात पहिली सीडी म्हणजे १९९४चाच अल्बम, दुसरीत आधी न निघालेलं संगीत, तिसरीत नव्याने रचलेलं. दुसऱ्या सीडीसाठी संच घ्यावा. तिसरी सिनेमात नाही, हे आधीच धरून चालावं. यामाहा सीएस-८० या सिंथेसायझरवर किल्ली दाबल्यावर आणखी दाब दिला की सूर फुलतो. व्हँगेलिसचे ओढलेले सूर त्यामुळे माणसाच्या श्वासासारखे वाटतात. हा फुलोरा लहान मोबाइलच्या स्पीकरवर निम्मा नाहीसा होतो.

‘इंटरस्टेलर’ (२०१४) घेताना मूळ सीडी आणि नंतरची विस्तारित आवृत्ती यांत गल्लत करू नये. फिरत्या यानाला यान जोडण्याच्या प्रसंगाचं संगीत, ज्याच्यासाठी बहुतेक लोक हा अल्बम शोधतात, मूळ सीडीत नव्हतं. विस्तारित आवृत्तीत ते आहे. लंडनच्या टेम्पल चर्चमधला पाइप ऑर्गन रॉजर सेयर यांनी वाजवला आहे आणि हान्स झिमर यांची सगळी रचना त्याच्यावर उभी आहे. पाइप ऑर्गनचा खर्ज हा इथला प्रश्न. ३२ फुटी नळीचा सगळ्यात खालचा स्वर साधारण १६ हर्ट्झचा असतो. हातात मावणारा ब्लूटूथ स्पीकर ऐंशी हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच देत नाही. सबवूफर, म्हणजे खर्जाचा वेगळा स्पीकर, लावला तर वेगळीच अडचण होते. पत्र्याची पडवी, सैल कौलं, कपाटाच्या काचा त्या खर्जाबरोबर खडखडायला लागतात आणि माणूस स्पीकर फाटला असं समजतो. आधी आवाज वाढवून, खोलीत फिरून काय वाजतंय ते शोधावं. काचेच्या कडेला रबरी पट्टी लावली की निम्मं काम होतं.

गेमच्या संगीताकडे वळलं की कसोटीच बदलते. सिनेमाचं संगीत एकदा ठरलं की ठरलं. गेमचं संगीत खेळणाऱ्याच्या मागे मागे जातं. सिंधुदुर्गातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. राक्षस किती वेळ गरजणार हे आधी ठरलेलं नसतं. पखवाज, झांज आणि हार्मोनियमवाले नटाच्या पावलाकडे डोळे लावून बसलेले असतात. त्याने पाऊल उचललं की ठेका चढतो, तो वळला की उतरतो. गेममध्ये हेच काम प्रोग्रॅम करतो. ‘रेड डेड रिडेम्प्शन’साठी (२०१०) बिल एल्म आणि वुडी जॅक्सन यांनी सगळं संगीत मिनिटाला १३० ठोक्यांच्या लयीत आणि ए मायनरमध्ये, म्हणजे पेटीवरच्या पांढरी सहामध्ये, बांधलं. लय आणि पट्टी एकच ठेवल्यामुळे कोणताही थर कोणत्याही थरावर चढवता येतो. घोडा हळू चालतोय तोवर बास, गोळीबार सुरू झाला की त्यावर ढोल आणि गिटार.

आता याचा अल्बम करायचा म्हणजे रात्रभराच्या दशावतारातून एक तास उचलून कॅसेट काढण्यासारखं आहे. कुणीतरी थर निवडतो, कुठे चढायचं आणि कुठे उतरायचं ते ठरवतो, आणि ते कायमचं गोठतं. म्हणून गेमच्या अल्बमचं परीक्षण करताना निवड कशी केली आहे ते आम्ही सगळ्यात आधी पाहतो.

साधी रीत म्हणजे धून दोन फेरे वाजवून हळूहळू आवाज मिटवायचा. ‘फायनल फँटसी ७’चा १९९७चा चार सीडींचा, ८५ तुकड्यांचा संच बराचसा असाच आहे. नोबुओ उएमात्सु यांच्या चाली इतक्या घट्ट आहेत की दोन फेऱ्यांनी त्यांचं काही बिघडत नाही, पण सलग ऐकताना दर तीन मिनिटांनी मिटत जाणारा आवाज कंटाळा आणतो. हा संच पूर्ण लावू नये. पंधरा-वीस तुकडे निवडून स्वतःचा क्रम लावावा.

‘नियर: ऑटोमाटा’मध्ये (२०१७) एकाच धुनेची शांत, मध्यम आणि जोरकस रूपं आहेत, वर गायनाचा थर कधी असतो, कधी नसतो. हॅकिंगचा भाग आला की तीच धून जुन्या आठ-बिट गेमसारखी ऐकू येते. तीन सीडींच्या अल्बममध्ये बहुतेक ठिकाणी एकच, भरगच्च रूप दिलं आहे. आठ-बिट रूपांचा वेगळा अल्बम आहे. एमी इव्हान्स यांचं गायन कुठल्याही खऱ्या भाषेत नाही, त्यामुळे अर्थ लावत बसू नये, सूर धरावा. अल्बम सुंदर आहे. पण ओसाड शहरात गायन हळूच आत यायचं आणि अंगावर काटा यायचा, तो क्षण अल्बमवर हरवतो, कारण इथे आवाज पहिल्यापासूनच हजर असतो.

आमच्या मते या कसोटीवर सगळ्यात सरस ‘जर्नी’ (२०१२). ऑस्टिन विंटरी यांनी गेममधल्या थरांचे तुकडे तसेच न ठेवता अठरा भागांची एक सलग रचना केली. टीना ग्वो यांचा चेलो एकटा सुरू होतो, हळूहळू वाद्यवृंद भोवती जमतो, आणि शेवटच्या गाण्यापर्यंत एकच चाल वेगवेगळ्या अंगाने येत राहते. ग्रॅमीत दृश्य माध्यमांच्या संगीताच्या विभागात नामांकन मिळालेला हा पहिला गेम अल्बम. गेम खेळलेला नसला तरी चालतो. अशी खात्री फार थोड्या अल्बमबद्दल देता येते. मात्र हा एमपी३मध्ये घेऊ नये. एमपी३ करताना प्रत्येक फाइलच्या टोकांना थोडी शांतता चिकटते आणि साध्या प्लेअरवर दोन भागांच्या मध्ये बारीक खड्डा पडतो. सलग रचनेत तो खडा लागल्यासारखा टोचतो. फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काही न गाळणारी फाइल, घ्यावं आणि प्लेअरमध्ये गॅपलेस, म्हणजे भागांमध्ये खंड न पाडता वाजवायची सोय, सुरू आहे का ते बघावं. सीडीच्या दर्जाचा तासाभराचा अल्बम फ्लॅकमध्ये साधारण ३०० एमबी होतो. रेंज दोन काड्यांवर असेल तर रात्री डाउनलोडला लावून झोपावं.

‘माइनक्राफ्ट’चे ‘व्हॉल्यूम अल्फा’ (२०११) आणि ‘व्हॉल्यूम बीटा’ (२०१३) यांच्याबद्दल वाद आहे. गेममध्ये बराच वेळ काहीच वाजत नाही आणि मग अवचित पियानो येतो. ती शांतता अल्बमवर नाही. तरी अल्फा घ्यावा. फक्त रेकॉर्डवर घेऊ नये, निदान किनाऱ्यावर राहणाऱ्याने. संगीत इतकं हलकं आहे की बुरशीचा एक कण खोबणीत असला तरी तडतड पियानोच्या वर येते.

भारतीय गेमपैकी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) जरूर ऐकावा. सतार, बासरी, तबला परकी चव म्हणून पेरलेले नाहीत.

रेकॉर्ड, सीडी की फाइल? सिनेमाचं मोठं पार्श्वसंगीत रेकॉर्डवर घेताना बाजूंची मिनिटं मोजावीत. ३३ फेऱ्यांच्या एलपीला एका बाजूवर अठरा ते बावीस मिनिटं छान बसतात. सत्तर मिनिटांचा अल्बम एकाच तबकडीवर कोंबला असेल तर आवाजाची पातळी खाली आणलेली असते आणि आतल्या खोबण्यांत ऐन शेवटचा वाद्यवृंद फाटतो. तेवढ्यासाठी दोन तबकड्यांचा संच मागावा.

मुंबईत काळा घोड्याचं रिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ साली बंद झालं, तेव्हापासून बहुतेकांची रेकॉर्ड कुरियरने येते. आली की वरचं घट्ट प्लॅस्टिक लगेच काढून टाकावं. ते आक्रसून कव्हर वाकवतं आणि आत ओल धरतं. आतली पिशवी पीव्हीसीची असेल तर बदलावी, कारण उष्म्यात तिचा अंश तबकडीवर उतरतो आणि ढगाळ डाग पडतात. ते निघत नाहीत. पॉलिथिनचं अस्तर असलेली पिशवी घ्यावी.

बाकीची तयारी आगोटीआधी, मे महिन्यातच करावी. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. चिऱ्याची भिंत जून उजाडला की पाणी पिते; चार बोटं जागा सोडावी. दार काचेचं, घट्ट लागणारं हवं. उघड्या फळीवर सिलिका जेल ठेवणं म्हणजे पडवीत बसून समुद्र सुकवणं. बंद कप्प्यात पन्नास ग्रॅमच्या दोन पुड्या आणि दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवावा. काटा साठच्या वर गेला की पुड्या बदलाव्यात. नारिंगी जेल हिरवं पडलं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरता येतं. कपाटात बल्ब लावायची जुनी युक्ती रेकॉर्डच्या बाबतीत टाळावी, उष्णतेने तबकडी वाकते. रेकॉर्ड उभ्याच ठेवाव्यात, पण एकमेकींवर रेलू देऊ नयेत.

बुरशी आलीच तर कोरड्या फडक्याने पुसू नये, बीजं खोबणीत दाबली जातात. चार भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, अर्ध्या लिटरला बिनवासाच्या पातळ साबणाचे दोन थेंब. मऊ ब्रशने खोबणीच्या दिशेने, गोल. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने धुवावं. विहिरीचं पाणी कितीही गोड असलं तरी वापरू नये, वाळल्यावर त्यातले क्षार खोबणीत राहतात. मधल्या लेबलला पाणी लागू देऊ नये. आणि आजोबांच्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीला अल्कोहोल अजिबात लावू नये, लाख विरघळते.

सीडीला बुरशीपेक्षा खारी हवा जड जाते. कडेचा लेप सुटला की आतला अॅल्युमिनियमचा थर गंजतो. सीडी खिडकीतल्या उजेडासमोर धरावी. सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर त्याच दिवशी संगणकावर उतरवून घ्यावी. घरी संगणकावर बर्न केलेल्या सीडींची नक्कल तर आजच करावी.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर टर्नटेबल लावायचं असेल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे ना ते पाहावं. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर अॅम्प्लिफायर गुणगुणतो आणि ‘जर्नी’चा पहिला एकटा चेलो त्या गुणगुणीखाली जातो. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असताना तर स्पीकरचा नादच सोडावा. कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे हेडफोन लावावेत, तेही वायरचे.