करूळ की भुईबावडा?
दसऱ्यानंतर कोल्हापुरातून घाट उतरायचा तर कळे-साळवणमार्गे साधारण 55 किलोमीटरवर गगनबावडा. तिथून दोन वाटा फुटतात. करूळचा घाट वैभववाडीकडे जातो. रस्ता मोठा, तळकोकण गाठायला सोयीचा, पण अवजड गाड्यांमागे अडकलं की दरी बघायची राहूनच जाते. भुईबावड्याचा खारेपाटणकडे उतरतो. अरुंद, वळणं अवघड, समोरून एसटी आली की थांबावंच लागतं. पण आश्विनातलं ते स्वच्छ ऊन, कड्यांवरची पिवळी सोनकी, वर गगनगड आणि खाली कोकणातली पिकत आलेली भातखाचरं! मी भुईबावडाच निवडेन, तोही सकाळी धुकं विरल्यावर. नवशिक्या चालकाने मात्र करूळच धरावा; अंधारात तर भुईबावड्याच्या वाटेला जाऊच नये.