पोस्टाचं बचत खातं काढावं की पोस्ट पेमेंट्स बँकेचं?

दोन्ही खाती गावातल्या त्याच टेबलावर, तेच पोस्टमास्तर काढून देतात. त्यामुळे लोकांना ती एकच वाटतात, आणि घोळ तिथेच होतो.

पोस्टाचं बचत खातं जुनं, थेट सरकारी. व्याज ४ टक्के, खात्यात किमान ५०० रुपये हवेत. ठेवीला मर्यादा नाही आणि सगळ्या रकमेला केंद्र सरकारची हमी. आरडी, मुदत ठेव, मुलीसाठी सुकन्या हे सगळं याच बाजूला.

पेमेंट्स बँक देशभर सुरू झाली २०१८ मध्ये. शून्य शिलकीचं खातं आधार आणि अंगठ्यावर उघडतं. पण व्याज बरंच कमी आणि दिवसाअखेर शिल्लक २ लाखांच्या आतच हवी. जास्तीची रक्कम वळती करायची तर पोस्टाचं बचत खातं जोडून घ्यावं लागतं. सुरक्षिततेची काळजी नको: बँकेतल्या ठेवींचा विमा ५ लाखांपर्यंत असतो.

मग ही बँक घ्यायची कशाला? पैसे दारात मिळतात म्हणून. पीएम किसानचा हप्ता आला की पोस्टमन यंत्र घेऊन ओट्यावर बसतो, आजी अंगठा लावते, नोटा हातात. तालुक्याला जायचं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरली, तर व्याजातला फरक कुठल्या कुठे जातो. बोटांच्या रेषा झिजल्या असतील तर अंगठा उमटत नाही, दोन-तीनदा पुसून लावावा लागतो. रेंज नसली की तेही राहिलं.

आणखी एक, जे सहसा कोणी सांगत नाही: दुसऱ्या बँकेतलं खातं आधारशी जोडलेलं असेल, तर त्यातले पैसेही हाच पोस्टमन काढून देतो, एका वेळी १० हजारांपर्यंत. म्हणजे निव्वळ पैसे काढण्यासाठी नवं खातं नकोच.

माझं मत विचाराल तर अनुदान-पेन्शन येऊन लगेच खर्च होणार असेल तर पेमेंट्स बँक. पीक विकून आलेले, लग्नासाठी राखलेले पैसे बचत खात्यात. पीककर्ज मात्र दोन्हीकडे नाही, त्यासाठी सोसायटी किंवा बँकच गाठा.

बचत खात्यात भरणा केलात, तर पासबुकावर नोंद आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. मास्तर कितीही ओळखीचे असोत.