कडी आता आतून आहे

व्यसनमुक्ती केंद्राचं नाव लिहीत नाही. दारू सोडलेल्यांच्या आमच्या मीटिंगमध्ये आडनाव सांगत नाहीत, तीच सवय. साताऱ्याहून पुण्याकडं येताना हायवे सोडून आत वळलं की उसात एक दुमजली इमारत लागते, एवढं पुरे. १८ ते ३० वयाच्या मुलांनाच घेतात. मी २०१३ साली तिथं दारूसाठी ९० दिवस काढले. यंदा मावसभावाला दाखल करून आलो.

मी वायरमन. कुठंही गेलो की आधी छताकडं बघतो, मग दाराकडं. २०१३ ला दाराला बाहेरून कुलूप होतं. खाटा १८, मुलं २५, आणि संडासाला आतून कडी नाही. मला घरून चौघांनी सुमोत कोंबून आणलेलं. त्याला 'पिकअप' म्हणायचे आणि त्याचे दीड हजार वेगळे लावायचे. अकराव्या दिवशी मी बाथरूमच्या झरोक्यातून पळालो, ट्रक धरून कराडला गेलो, स्टँडमागं प्यायला बसलो ते थेट रात्री उठलो. परत पिकअप, परत दीड हजार. मलाच उचलून आणायचे तीन हजार पुढं मीच वडिलांना फेडले.

आता खाटा ६४. मागं नवा मजला चढलाय, आणि कडी आतून आहे. ऑफिसात नोंदणीचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जमुळं होणारे मानसिक आजारही येतात, त्यामुळं नोंदणी लागते आणि नुसतं घरच्यांनी ढकललं म्हणून कोंडून ठेवता येत नाही. फॉर्मवर भावानं स्वतः सही केली. सही करायच्या आधी विचारलंन, "मला जायचं झालं तर?"

"तसं लिहून द्यायचं," समुपदेशक म्हणाले. "धोका वाटला तर डॉक्टर तपासणीसाठी २४ तास थांबवू शकतात, तेवढंच."

मावशीचं तोंड उतरलं. बाहेर पायरीवर येऊन म्हणाली, "कुलूप न्हाई तर मग पैसं कशाचं घेत्यात रं?" तिला मी झरोक्याची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. हसली नाही, पण पैसे भरले. फी माझ्या वेळी महिना सहा हजार होती, आता अठरा. तिनं बोरमाळ गहाण टाकली, म्हणून हा आकडा मला खुपतो.

मात्र त्यातला बराचसा पैसा कुठं जातो ते दिसतं. माझ्या वेळी रात्री डॉक्टर नसायचे. एक मुलगा दारू तुटल्यावर तिसऱ्या रात्री भिंतीवरच्या मुंग्या वेचत होता. भिंतीवर एक मुंगी नव्हती. सिनियर मुलांनी त्याच्यावर थंड पाण्याच्या बादल्या ओतल्या, डॉक्टर सकाळी आले. तो वाचला, पण दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत असा झटका येतो आणि त्यात माणूस दगावतो, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आता रात्रपाळीला नर्स आहे. पहिला आठवडा वेगळ्या खोलीत ठेवतात, झटका येऊ नये म्हणून लिब्रियमच्या गोळ्या देऊन रोज कमी करत नेतात, बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. पंख्यांच्या दांड्याला स्प्रिंग बसवलीय, कुणी लटकलं तर पंखाच खाली येतो. कुणाला दिसणार नाही, मला दिसली.

माझ्या वेळी सगळे दारूवाले. आता निम्मी मुलं एमडीची, म्हणजे मेफेड्रोन या ड्रगची, भाऊही त्यातलाच, वय २२. एमडीला उतारा म्हणावा असं औषध नाही. पहिले आठ-दहा दिवस तो नुसता झोपला, उठून खायचा, परत झोपायचा. मग चिडचिड आणि तलफ. त्यावर बोलणं, व्यायाम, ठरलेला दिवस, एवढंच चालतं. साठ मुलांना समुपदेशक चारच आहेत. भावाला आठवड्यात एकदा अर्धा तास मिळतो. हे कमी आहे, मी तोंडावर सांगितलं.

सगळ्यात वाईट वाटलं ते स्वयंपाकघराचं. आमच्या वेळी मुलंच रांधायची. मला कांद्याची ड्युटी होती, रोज पाच किलो. ती ड्युटी मी मागून घेतलेली, कारण कांदा चिरताना रडलं तर कुणी काही विचारत नाही. माझ्या शेजारी इस्लामपूरचा एक पोरगा बसायचा, तो तर नुसते सोललेले कांदे समोर ठेवून रडायचा. आता केटरर येतो. पोळ्या एकसारख्या गोल, भाजीला तर्री, तक्रारीला जागा नाही. जेवणानंतर मुलं हॉलमध्ये टीव्हीपुढं बसतात.

भेट पहिल्या पंधरा दिवसांनंतर, रविवारी दहा ते एक. सॅनिटायझर, डिओ, व्हाइटनर गेटवरच काढून घेतात, वाद घालू नका. आणि व्यसन सुटावं म्हणून गुपचूप डाळीत कालवायची पावडर कुणी देत असेल तर घेऊ नका. मावशीनं दोन पुड्या आणल्या होत्या, मी गटारात टाकल्या. न सांगता असलं औषध दिलं आणि वर दारू पोटात गेली तर जीव जाऊ शकतो.

परवा भेटीला गेलो तेव्हा व्यवस्थापकांना म्हटलं, स्वयंपाक राहू दे, निदान कांदे तरी मुलांकडं द्या. म्हणाले, "सुरीचं काय करू? ६४ सुऱ्या कोण मोजणार रोज?"

मी म्हटलं, मी येतो मोजायला, रविवारी मला सुट्टीच असते. बघू म्हणालेत.