लव्हबर्डसाठीचं लाकडी खेळणं: पावसाळ्यापासून वापरतेय, तीन तारे

ठोकळ्यांची माळ, सुतळी, साखळी आणि वर कडी, हे फोटोत दिसतंच. मी कडीबद्दल लिहितेय, कारण तारे तिनेच खाल्ले.

आमची लव्हबर्ड पीच-फेस्ड (गुलाबीसर चेहऱ्याच्या छोट्या पोपटांच्या) जातीची मादी. या जातीच्या माद्या कागदाच्या पट्ट्या कातरून पाठीच्या मागच्या पिसांत खोचतात, घरट्यासाठी. कॅलेंडर गेलं, पडद्याची कड गेली, चार्जरच्या वायरीपर्यंत मजल गेली. आधी कडू फवारा आणला होता, त्याने काही फरक पडला नाही. पोपटवर्गात चवीच्या कळ्या माणसापेक्षा खूपच कमी असतात, आणि मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही. त्यामुळे वायरीला तिखट चोळायचा घरगुती सल्लाही सोडून द्या.

सुरुवातीला हे खेळणंही फुकट गेलं असंच वाटलं, कारण ती त्याच्याकडे बघेना. मग बसायच्या काठीजवळ, चोचीच्या उंचीवर बांधलं आणि ठोकळ्यांच्या फटीत राळ्याचं कणीस खोचलं. तिथून माझं मत बदललं. लाकूड मऊ, बिनरंगाचं; खाली रोज भुगा पडतो आणि पडदा शाबूत आहे. ती पडद्याकडे वळलीच तर मी तिच्यावर ओरडत नाही, ओरडलं की तिला तेही लक्षच वाटतं. गुपचूप उचलून खेळण्यावर ठेवते. वायरी मात्र पाइपमध्येच घालाव्या लागल्या, तिथे खेळण्याच्या भरवशावर राहू नका.

आता कडी. दिवाळीनंतर तिच्यावर पांढुरकी पूड दिसली. जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड दमट हवेत असं होतं, आणि जस्त पोटात गेलं तर पक्ष्याला विषबाधा होते: सुस्ती, उलट्या, पातळ हिरवट विष्ठा. जो पक्षी दिसेल ते चावतो म्हणून हे खेळणं घ्यायचं, त्याच्याच तोंडाशी जस्ताची कडी! विक्रेत्याला फोटो पाठवून म्हटलं, स्टेनलेस स्टीलची कडी द्या, वेगळे पैसे देते. उत्तर आलं, परत करायची मुदत संपली. मी परत करतच नव्हते! पुन्हा लिहिलं तर पुढच्या खरेदीवर सूट देऊ केली. ४५० रुपये घेऊन कडीत काटकसर करणाऱ्यांचा मला अजूनही राग येतो.

शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून २० रुपयांची स्टीलची कडी आणली. जाताना लोहचुंबक न्या. चांगल्या स्टीलला ते जेमतेम चिकटतं, मुलाम्याच्या लोखंडाला घट्ट. साखळीही काढून टाकली, सुती दोरी लावली. दोरीचे धागे सुटले की लगेच कापते, नाहीतर पाय अडकतो.

सुटे ठोकळे हे लोक विकत नाहीत, दर वेळी अख्खी माळ घ्या म्हणतात. मी घेणार नाही. जुन्याच दोरीत पेरूच्या फांद्यांचे तुकडे ओवते, औषध न मारलेल्या झाडाच्या, धुऊन वाळवून. सालीसकट दिले तर ती आधी साल सोलत बसते, त्यामुळे तुकडा जास्त दिवस पुरतो. विक्रेत्याने स्टीलची कडी द्यायला सुरुवात केली की इथले तारे वाढवीन.