माझी चूक त्या दुपट्यात नव्हती

दुपटं घरी आलं तेव्हा 38वा आठवडा चालू होता. पाकीट फाडून ते मांडीवर पसरलं, म्हणजे पोटापुढे जेवढी मांडी उरली होती तेवढ्यावर, आणि खालून चौथी पट्टी शोधायला लागले. ती चुकलेली असायला हवी होती. सहा ओळींच्या जागी आठ. विणताना बहिणीशी फोनवर बोलत होते, मोजायचं राहिलं, आणि लक्षात आलं तोवर वर आणखी दोन पट्ट्या चढल्या होत्या. उसवायचा कंटाळा केला. म्हटलं, राहू दे, बाळ काही ओळी मोजत बसणार नाही.

आलेल्या दुपट्याची चौथी पट्टी सहा ओळींची होती. पाचवीही, सहावीही. शेवटपर्यंत एकही चूक नाही.

मुळापासून सांगते. पाचव्या महिन्यात दुपट्याला हात घातला. 4 मिमीच्या सुया, मोहरीच्या रंगाचा सुती धागा, 50 ग्रॅमचे नऊ गुंडे, सगळे एकाच रंगलॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले. सुरू करण्याआधी शहाण्यासारखा 10 सेंमीचा नमुन्याचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून पाहिला होता, कारण सुती धागा पहिल्या धुण्यात आक्रसतो. त्यात 22 टाके बसत होते, म्हणून 175 टाके घातले. पाच सुलट, पाच उलट, दर सहा ओळींनी पालट. अगदी नवशिक्याचं चौकडं. मी नवशिकीच आहे.

30व्या आठवड्याच्या सुमारास बोटांना मुंग्या यायला लागल्या. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग यायची. गरोदरपणात अंगात पाणी साठतं, मनगटातल्या चिंचोळ्या बोगद्यातून जाणाऱ्या नसेवर त्याचा दाब पडतो, त्याला कार्पल टनल म्हणतात. पुष्कळ जणींना होतं आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचं आपोआप ओसरतं. डॉक्टरांनी रात्री बांधायला मनगटाचा पट्टा दिला आणि विणकाम बंद करायला सांगितलं. दुपटं अर्धं झालं होतं. सुयांवर तसंच लटकलेलं.

तेव्हा मी रडले, हे कबूल करते. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल. पण शेवटच्या महिन्यांत तुमच्या हातात काहीच नसतं. बाळ कधी येणार, कसं येणार, यातलं काही तुम्ही ठरवत नाही. ओळी तेवढ्या तुमच्या हातात असतात, आणि आता त्याही सुटल्या होत्या.

अशा मनःस्थितीत मी ऑनलाइन मदत शोधत बसले आणि 'अर्धवट राहिलेलं विणकाम पूर्ण करून मिळेल' असं लिहिणारी एक बाई सापडली. तिचं नाव इथे देत नाही. एक तर ते खरं असेल याची खात्री नाही, आणि आता तर ते बदललंही आहे. तिच्या पानावर सुंदर फोटो होते: टोप्या, मोजे, झबली, ससे. तिने मला पहिल्याच निरोपात विचारलं, "ताई, तारीख कधीची आहे?"

मला ते आपुलकीचं वाटलं. आज तो प्रश्न आठवला की अंगावर काटा येतो, कारण पुढचं सगळं गणित त्या तारखेवर बसवलेलं होतं. धाग्याची जात तिने विचारली नाही. सुयांचा नंबर विचारला नाही. दुसऱ्याचं विणकाम पुढे नेणारी बाई आधी हेच विचारेल, कारण प्रत्येकीचा हात घट्ट किंवा सैल असतो आणि दोन हातांचा जोड दिसतो. ही तारीख विचारून थांबली.

ठरलं असं: मी अर्धं दुपटं आणि उरलेले गुंडे पाठवायचे, अर्धे पैसे आधी, काम तीन आठवड्यांत. वर टोपी, हातमोजे आणि एक ससा असा 'बाळासाठी पूर्ण सेट'. पैसे तिने वैयक्तिक खात्यावर मागितले. "दुकानाच्या खात्यावर कापले जातात हो ताई, तेवढेच तुमचे वाचतील." मलाच दोन पैसे वाचवल्याचा आनंद झाला. ओळखीच्या माणसाला पाठवावेत तसे थेट पाठवलेल्या पैशांना खरेदीचं कसलंही संरक्षण नसतं, हे मला नंतर कळलं, तक्रार करायला गेले तेव्हा.

एक गोष्ट मात्र नशिबाने केली. पार्सल बांधण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं ठेवलं: 440 ग्रॅम. कारण फक्त पार्सलचं वजन लिहायचं होतं. आणि नमुन्याचा तो चौकोन टेबलाच्या खणात मागे राहिला.

पुढे ठरल्याप्रमाणे काहीच झालं नाही. 33व्या आठवड्यात फोटो मागितला, तर इतका जवळून काढलेला आला की टाके दिसत होते, पण कापड कुठलं ते कळत नव्हतं. 34व्या आठवड्यात तिच्या घरी आजारपण. 35व्यात "काम झालंय, फक्त किनार बाकी, उरलेले पैसे पाठवा म्हणजे लगेच पार्सल टाकते." पाठवले. 36व्यात शांतता. मग एक लांबलचक निरोप: "अशा दिवसांत टेन्शन घेऊ नका ताई, बाळावर परिणाम होतो." माझ्याच बाळाचं नाव घेऊन माझं तोंड बंद केलं त्या बाईने. नवरा म्हणाला, जरा कडक लिही. मी म्हटलं, चिडली तर आहे तेही पाठवणार नाही. माझं अर्धं दुपटं तिच्याकडे अडकलं होतं ना. पैसे गेले तर गेले म्हणता येतं, त्या ओळी गेल्या तर कुठून आणू?

ती वाट बघत होती, हे मला आता स्वच्छ दिसतं. एकदा बाळ झालं की बाई रात्रभर जागी, तिला पार्सलचा पाठपुरावा करायला ना वेळ ना त्राण. तोवर तक्रारीची मुदतही निघून जाते. फक्त माझं बाळ तारखेपर्यंत थांबेल असं तिने धरलं होतं आणि मीही. खरं तर नेमक्या दिलेल्या तारखेला शंभरातली जेमतेम चार-पाच बाळं जन्मतात. 37व्या आठवड्यानंतर बाळ कधीही येऊ शकतं. आता कुणी विचारलं तर मी सांगते, काम कुणालाही द्या, पण तिला सांगायची तारीख 34व्या आठवड्यातली असू द्या आणि ती कशाची तारीख आहे ते सांगूच नका. "भेट द्यायची आहे" एवढं पुरतं.

तर ते पार्सल. चूक नाही म्हटल्यावर मी दुपटं उलटं केलं. कडेने क्रोशाची सुबक किनार होती, आणि ती खरोखर हाताने घातलेली होती. क्रोशाचं काम अजून सहसा हातानेच होतं, त्यामुळे किनारीकडे बघून कुणीही फसावं. पण किनार चिमटीत धरली की आत एक जाडसर वरंबा लागत होता. क्रोशाचे दोन-तीन टाके उसवून पाहिले, तर खाली ओव्हरलॉकची शिलाई, कापलेली कड उसवू नये म्हणून यंत्राने घालतात ती. यंत्रावर विणलेल्या मोठ्या कापडातून कापलेला तुकडा तो. हाताने विणलेल्या कापडाची कड कापावी लागत नाही, ती विणतानाच तयार होते, तिला ओव्हरलॉक कशाला?

काट्यावर ठेवलं: 270 ग्रॅम. माझ्या दुपट्याहून लांबीरुंदीला मोठं, आणि वजनाला इतकं हलकं.

मग नवऱ्याने मोरीत स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धरून त्याचा एक धागा जाळला. मला खिडकीपाशी उभं केलं होतं, पण तिथूनही दिसलं. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, आणि मागे मऊ करडी राख उरते. लोकर जळक्या केसांसारखी घाण येऊन लगेच विझते. हा धागा आधी वितळला, काळा धूर निघाला आणि शेवटी टणक काळा मणी उरला. म्हणजे कृत्रिम धागा, ॲक्रिलिक किंवा त्याचाच कुणी भाऊबंद. तुलनेसाठी खणातल्या चौकोनाच्या कोपऱ्याचा धागा जाळला, तर राख बोटाने चुरली. ॲक्रिलिक विषारी असतं असं मी म्हणत नाही, पुष्कळ बाळं त्यातच वाढतात. पण मी सुती दिलं होतं.

वर एक छापील चिठ्ठी होती, 'ऑरगॅनिक' आणि कापडाच्या तपासणीसाठी ओळखल्या जाणाऱ्या ओईको-टेक्सचा शिक्का. त्यांच्या स्टँडर्ड 100 या मानकात तीन वर्षांखालच्या बाळांच्या वस्तूंसाठी वेगळा, सर्वांत कडक वर्ग असतो, आणि खऱ्या शिक्क्यावर एक क्रमांक असतो जो त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही पडताळता येतो. या चिठ्ठीवर क्रमांकच नव्हता. नुसतं चित्र. शिवाय ओईको-टेक्सचा हा शिक्का घातक रसायनांच्या तपासणीचा आहे, कापूस सेंद्रिय असल्याचा नाही. सेंद्रिय कापडासाठी गॉट्स (GOTS) नावाचं प्रमाणपत्र वेगळं. दोन्ही एकत्र छापणाऱ्याला बहुधा दोन्हींचा अर्थ माहीत नव्हता.

फसवणुकीपेक्षा मला जास्त घाबरवलं ते सेटमधल्या बाकीच्या वस्तूंनी. सशाचे डोळे म्हणजे दोन चकचकीत बटणं. एक ओढलं तर हातात आलं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी तपासणीत सुमारे 32 मिमी व्यासाची नळी वापरतात, जो भाग तिच्यात पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो असं धरतात. हे बटण तर माझ्या नखाएवढं. बाळाच्या बाहुलीचे डोळे धाग्यानेच भरावेत. हातमोजे उलटे केले तर आत धाग्यांचे मोकळे फास लोंबत होते. असा धागा किंवा केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्त थांबून बोट सुजतं, आणि मोज्यात झाकलेलं असल्याने बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. ते मोजे मी त्याच दिवशी कात्रीने कापले, चुकून कुणी घालू नयेत म्हणून.

आणि 'माझ्याकडून भेट' म्हणून पाळण्याच्या कठड्याला बांधायची कापूस भरलेली पट्टी होती, लांब लांब नाड्यांची. दिसायला गोड. बालरोगतज्ज्ञ अशा पट्ट्या नको म्हणतात, अमेरिकेत तर 2022च्या कायद्याने त्यांची विक्रीच बंद केली. झोपलेल्या तान्ह्या बाळाभोवती मऊ, सैल काहीच नको: उशी नाही, खेळणं नाही, आणि हो, हाताने विणलेलं दुपटंही नाही. हे मला आधी माहीत असतं तर कदाचित इतका जीव टाकला नसता. दुपटं जागेपणी, कुणाच्या तरी मांडीवर. झोपताना बाळ उताणं, सपाट घट्ट गादीवर.

मी तिला फोटो पाठवून विचारलं, माझी आठ ओळींची पट्टी कुठे आहे? ती म्हणाली, "ताई, ती चूक होती, मी सुधारून दिली." क्षणभर माझाही विश्वास बसला! मग डोकं चाललं. चौथ्या पट्टीतल्या दोन ओळी काढायच्या तर वरचं सगळं उसवावं लागतं. सगळं उसवून पुन्हा विणलं असेल, तर माझा सुती धागा जाळल्यावर मणी कसा होतो? हे लिहिलं आणि तिने मला ब्लॉक केलं.

आता शोधू लागल्यावर तिच्या पानावरचे तेच फोटो आणखी चार ठिकाणी, चार भाषांत, चार वेगळ्या नावांनी मिळाले. फोटोवरून शोध घ्यायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मी 31व्या आठवड्यात दिली नव्हती. कामाच्या उलट्या बाजूचा फोटो मागितला नाही, शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून फोटो काढा असं म्हटलं नाही. मला ते अपमानास्पद वाटलं असतं, तिच्यासाठी. खऱ्या विणणारीला काही वाटत नाही, हे नंतर एका जाणत्या बाईंनी हसत सांगितलं. उलटी बाजू दाखवायला त्यांना उलट आवडतं.

बाळ 39व्या आठवड्यात आलं. आईने जुनी, धुऊन मऊ झालेली सुती चादर फाडून चार तुकड्यांना टीप घातली होती, त्यातच ते गुंडाळलं गेलं. बोटांच्या मुंग्या दोन महिन्यांत गेल्या. पैसे आले नाहीत.

दीड महिन्यानंतर रात्री दूध पाजताना सहज एक पान दिसलं. नवं नाव, तीच भाषा, तेच 'ताई'. वर फोटो: सुयांवरचं अर्धं विणकाम, मोहरीचा रंग, 'हातात सध्या हे काम आहे, दोनच जागा शिल्लक'. एका हातात बाळ, दुसऱ्या हाताने फोटो मोठा केला आणि खालून मोजत गेले. चौथी पट्टी, आठ ओळी. माझ्याकडे ते दुपटं सुयांवर असतानाचे तारखेसकट फोटो होते, ते जोडून तक्रार केली. काही दिवसांनी तो फोटो काढला गेला. पान तसंच आहे.

तेव्हा कुणाला मोहरीच्या रंगाचं, सुती, पाच टाक्यांच्या चौकड्याचं दुपटं असं कुठून विकत मिळालं असेल, तर खालून चौथी पट्टी मोजा. आठ ओळी भरल्या तर ते माझं आहे. परत नको, तुमच्या बाळाला लखलाभ. कुणाकडून घेतलंत तेवढं मात्र कळवा.