पुरुमेंताच्या दिवसांत गळ्यात मारलेले जुने माल्ट

गोव्यात मे महिना हा पुरुमेंताचा. सुकी मासळी, आमसुले आणि मिरच्या भरून ठेवण्याच्या याच दिवसांत घरी बिअर करणारे आम्ही फोंड्याचे काही जण माल्ट (मोड आणून सुकवलेले धान्य, बहुधा जव), हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुले) आणि यीस्टही (बिअर आंबवणारी बुरशी) पावसाळ्यापुरते एकत्र मागवतो. परराज्यातील एका विक्रेत्याने नेमकी हीच निकड हेरली आणि "पाऊस लागला की गाडी वेळेवर पोहोचण्याची खात्री नाही, दरही वाढतील," असे सांगून पूर्ण रक्कम आगाऊ घेतली. त्याआधी त्याने पाठवलेला नमुना उत्तम होता, पण नमुना एका मालाचा आणि पोती दुसऱ्याच मालाची, अशी ही फसवणूक होती.

२५ किलोंची पोती आली तेव्हा वजन काट्यावर बरोबर भरले. मात्र पोत्याच्या तोंडाशी, शिवणीच्या थोडी वर, सुईच्या जुन्या छिद्रांची आणखी एक ओळ दिसत होती, म्हणजेच पोते एकदा उसवून पुन्हा शिवलेले होते. ताज्या माल्टचा दाणा दाताखाली कुडकुडतो; हा चिवट लागला. चांगल्या माल्टमध्ये ओलावा साधारण ४ ते ५ टक्के असतो. आम्ही १०० ग्रॅम दाणे दळून सुमारे १०५ अंशांवर तीन तास ओव्हनमध्ये सुकवले, तेव्हा ८८ ग्रॅमच उरले. याचा अर्थ, प्रत्येक पोत्यामागे सुमारे पावणेदोन किलो जादा पाणी आम्ही माल्टच्या दराने विकत घेतले होते आणि काटा मात्र विक्रेत्याच्याच बाजूने साक्ष देत होता.

तक्रार करताच "तुमच्या गोव्याची हवाच दमट, माल तिथे बिघडला," हे उत्तर तयार होते. हवा दमट आहे हे खरेच. परंतु पोती उतरली त्याच दिवशी उघडली, तेव्हा दाण्यांना बारीक गोल भोके पडलेली होती आणि सोंडे किडे फिरत होते. हा किडा दाण्याच्या आतच वाढतो, आणि अंड्यापासून पूर्ण वाढ होऊन बाहेर पडायला त्याला उबदार हवेतही साधारण महिना लागतो. हा मुद्दा लेखी मांडल्यावर विक्रेत्याने उत्तर देणेच बंद केले.

हॉप्सच्या बाबतीतली लबाडी अधिक सफाईदार होती. उत्तर गोलार्धात हॉप्सची काढणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास होते, आणि चांगल्या उत्पादकाच्या पाकिटावर काढणीचे वर्ष व कडवटपणा देणाऱ्या अल्फा आम्लाचे प्रमाण छापलेले असते. याने मोठे पाकीट फोडून पारदर्शक पिशव्या भरल्या होत्या व त्यांवर केवळ पॅकिंगची तारीख होती, तीही त्याच महिन्याची. आतल्या, हॉप्स दळून दाबून केलेल्या गोळ्या हिरव्या नव्हत्या, पिवळट तपकिरी होत्या, आणि त्यांना जुन्या चीजसारखा वास येत होता. छापलेली तारीख खोटी म्हणता येत नाही, याचाच मला सर्वाधिक संताप येतो. यीस्टही असेच सुटे भरलेले होते. कोमट पाण्यात त्याला फेस आला नाही.

म्हणून मोठी खरेदी करणाऱ्यांनी नमुन्याचा बॅच क्रमांक लेखी मागून घ्यावा, पोते उघडण्यापूर्वी शिवण, लेबल आणि वजन यांचे सलग चित्रीकरण करावे, आणि दळलेले माल्ट न घेता अखंड दाणाच घ्यावा, कारण दळलेले फार लवकर शिळे होते. घरी आल्यावर माल्ट हवाबंद डब्यांत, हॉप्स फ्रीझरमध्ये आणि यीस्ट फ्रीजमध्ये ठेवावे, म्हणजे दमट हवेचे निमित्त कोणाला पुढे करता येत नाही. आमच्या बिलावर जीएसटी क्रमांक होता, त्यामुळे १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता आली. विक्रेता पैसे घेऊन गायबच झाला असेल, तर मात्र १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तत्काळ कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळती होण्यापूर्वीच ती रोखता येण्याची शक्यता असते.